चौथ्या चौकोनातल्या आत्याबाई

"तेलगावात देऊ नका हिला," माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा गीतामावशी म्हणाली होती. "घर चांगलं हाय, दुकान चालतंय, पोरगं सुपारीचं खांडसुद्धा खात न्हाई. पर त्या गावाला एक खोड हाय. खरं हरवलं तर हात जोडून जेवायला बोलवत्यात. खोटं हरवलं तर नातवंडं झाली तरी इसरत न्हाईत."

मी आत कपबशा पुसत होते. ऐकलं आणि हसले. बीडला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. लहानपणी केलेल्या एका पिक्चरवरून कुणी सुनेला बोलतं का, असं वाटलं.

बोलतं. भाकरी फुगली तरी बोलतं. "बघ गं, खरी फुगली का पिक्चरातल्यावाणी?" हे सासूबाईंचं माझ्या पहिल्या भाकरीवरचं वाक्य. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंचं नाव ताराबाई.

तो पिक्चर म्हणजे 'पळा, पोरींनो'. मी सातवीत असताना पुण्याची काही माणसं आमच्या नेकनूरला आली. त्यांना लहान मुलांचा सिनेमा काढायचा होता आणि त्यात खरीखुरी खो-खो खेळणारी गावातली पोरं हवी होती. आमच्या शाळेचे गहिनीनाथ सर पोरींना खो-खो शिकवायचे, त्यामुळे आम्ही नऊजणी आयत्याच मिळालो. मी कप्तान. गोष्ट साधीच होती. ज्यांच्या गावाला मैदान नाही अशा नऊ पोरी खळ्यावर सराव करतात आणि शेवटी शहरातल्या घमेंडखोर संघाला हरवतात. घमेंडखोर संघ म्हणून तेलगावच्या शाळेच्या पोरी आणल्या. त्यांना लाल स्कर्ट, लाल ब्लाउज. आम्हाला निळे.

शेवटच्या सामन्यात त्यांची एकच पोरगी पळायची उरते आणि मी तिला मारते, असं ठरलं होतं. ती पोरगी म्हणजे रोहिणी.

"आता तू हिच्या हाताला लागायचं," दिग्दर्शक काकांनी तिला समजावलं.

"कावून?"

"गोष्टीत तसं आहे म्हणून."

"मग तिला म्हणा, पकड."

आणि ती सुटली. मी मागे. सकाळचं ऊन गेलं, दुपार गेली. काकांनी गोळ्या देऊन बघितल्या, तिच्या मास्तरांकडून रागावून बघितलं, शेवटी हात जोडले. रोहिणी मान हलवायची, हो म्हणायची आणि कॅमेरा सुरू झाला की खांबापाशी अशी हुलकावणी द्यायची की मी तोंडावर पडायची. माझे दोन्ही गुडघे सोलून निघाले. खरं सांगते, मी तिला पकडायचा पुरा प्रयत्न केला. मला जमलं नाही.

उन्हं उतरायला लागली तेव्हा काकांनी आमच्याच वनमालाला लाल कपडे घातले. वनमाला आमची चौथ्या चौकोनातली. तिला पाठमोरी उभी केली, माझा हात तिच्या पाठीवर पडला, आणि आम्ही पिक्चरात जिंकलो.

पण वनमाला म्हणजे हसरी बाई. पडद्यावर नीट पाहिलं तर माझा हात पडल्यावर त्या लाल पाठीचे खांदे गदागदा हलताना दिसतात. तेलगावचं अख्खं गाव टेंपो करून बीडला पिक्चर बघायला गेलं होतं. परत आल्यावर त्यांचा एकच सवाल होता, "हरलेली पोरगी हसती व्हय?"

आता सांगायची गोष्ट अशी की रोहिणी ही ताराबाईंची मुलगी. म्हणजे माझी नणंद.

ती माजलगावला दिलेली. दिवाळीला, पंचमीला माहेरी यायची. आली की पहिल्यांदा मला पाठ दाखवायची, तिच्यावर स्वतःच थाप मारायची आणि म्हणायची, "वैनी, लावता का हात?" घर हसायचं. मीही हसायची. तसा माझा कुणी छळ केला नाही. बाळंतपणात आत्याबाईंनी मला गरम पाण्याशिवाय काही प्यायला दिलं नाही, लेकीच्या अंगाला तेल त्यांनीच चोळलं. पण पिक्चरचा विषय निघाला की त्या घरात मी कायमची खोटी जिंकलेली.

ईश्वरी झाल्यापासून मला हे जास्त लागायला लागलं. तशी मी सगळ्याचाच धसका घेते. पोरगी झोपली की तिच्या नाकापाशी बोट धरून बघते. दुकानापुढून मोटारसायकल जोरात गेली की हातातलं टाकून बाहेर येते. आमचे हे म्हणतात, "तुला पोरगी झाली न्हाई, राखण झाली." यांचं नाव केदारनाथ. तेलगावात किराणा दुकान, आणि दोन वर्षांपासून त्याच दुकानात काचेची खोली करून एसटीडीचा फोन.

दुकानाच्या गच्चीवर यांचा चुलतभाऊ रवि याने डिश बसवली आणि गावात केबल आणली. दिवसभर परदेशी चॅनल, संध्याकाळी कॅसेट लावून एक पिक्चर. लोकांच्या फर्माइशी संपल्या तेव्हा त्याने पुण्याहून कुठून तरी 'पळा, पोरींनो'ची कॅसेट मिळवली. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी लावली. उपास सोडून अख्खं गाव टीव्हीपुढे.

ईश्वरी तेव्हा चार वर्षांची. माझ्या मांडीवर. पडद्यावर दोन वेण्या घातलेली निळी पोरगी दिसली आणि मी म्हटलं, ही आई. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा टीव्हीकडे. मग शेवटपर्यंत डोळ्याचं पातं हलवलं नाही. हात पाठीवर पडला, निळ्या पोरी नाचायला लागल्या, आणि ईश्वरी मांडीवरून उठून टाळ्या पिटत म्हणाली, "आई, तू आत्तूला पकडलं?"

आत्याबाई गहू निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच थांबला. नुसत्या वाट बघत राहिल्या.

मला हो म्हणता येईना. नाही म्हणवेना. "झोप आता," असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर तोच विषय. "अरे, त्या सगळ्या कॅमेऱ्याकडं तोंड करून बसल्यात. खो-खोत एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं असतंय. ही काय पंगत हाय व्हय?" कुणी म्हणालं, "पाठ बघ की, पाठ! ती आपल्या रोहिणीची न्हाईच." रवि वरून वायर ओढता ओढता ओरडला, "भांडता कावून बे? पोरी काय मेल्यात का? जत्रा पाडव्यानंतर हायच. बोलवा नेकनूरच्या सगळ्यांना आन् एकदाचं खेळून घ्या."

तो गमतीने म्हणाला असावा. पण तेलगावला अशी गंमत कळत नाही. संध्याकाळपर्यंत जत्रा कमिटीने ठराव केला. थंड पेयाच्या कंपनीचा माणूस कापडी फलक लावून मैदान सजवायला तयार झाला. फक्त मी कुणाकडून खेळायचं, यावर अडलं. गावची सून म्हणून गावाकडून खेळावं, असं पुष्कळांचं म्हणणं पडलं.

आत्याबाईंनी ते एका वाक्यात मोडलं. "नेकनूरकडूनच खेळल ती. आपल्यात घेतलं तर म्हणतील, सून घरात दाबून ठिवली आन् जिंकले."

मग मला विचारलं. तेही भाकऱ्या थापताना, माझ्याकडे न बघता. "खेळशील ना? का ईश्वरीला सांभाळायचंय?"

"खेळेन," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

जत्रेच्या दिवशी शाळेच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर माणसं, लिंबावर माणसं. गहिनीनाथ सर नेकनूरहून काळी-पिवळी जीप करून आले. सर आता निवृत्त, पण शिट्टी गळ्यात तशीच. जीपचं मागचं दार उघडलं आणि एकेक जण उतरू लागली. आधी मला कुणी ओळखूच येईना. एक नर्स झालेली, एक अंगणवाडीत, एक इतकी जाड की तिनेच सांगितलं, "मी तुझी सातव्या चौकोनातली काडी!" आणि अंजना, पूर्वीचीच बडबडी, बीडला पिको-फॉलचं दुकान काढलेली. आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो. रडलो, लगेच हसलो. अंजना म्हणाली, "गंगासागर, तुझ्या वेण्या कुठं गेल्या गं? आमी त्याच बघत आलोत."

मग मी जीपमध्ये पाहिलं. समोरासमोरच्या बाकांवर या सगळ्या, कुणी न सांगता, चौकोनांच्या क्रमाने बसून आल्या होत्या. आणि एका बाकावर तिसरी आणि पाचवीच्या मध्ये एका माणसाची जागा सोडलेली.

"वनमाला?"

"ऊसतोडीला गेलीय. तिकडं कर्नाटकात," अंजना म्हणाली. "टोळी परत आली. ती आन् तिचा नवरा तानाजी आले न्हाईत."

पुढे विचारायला वेळ नव्हता. पंच बोलवत होते. माजलगावहून आणलेले तिऱ्हाईत पंच, कडक माणूस. त्यांनी मोजलं. आठ.

तेलगावच्या बाजूने हशा उठला. "आठ तर आठ! चालू करा, लवकर उरकल!"

तेव्हा बायकांच्या गर्दीतून आत्याबाई उठल्या. नऊवारीचा काष्टा आवळत सरळ मैदानात आल्या. "आठजणींना हरवून काय मिळवताल? उद्या म्हणतील, एक कमी होती म्हणून जिंकले. आणखीन धा-पंधरा वर्सं तेच ऐकायचं? नऊ पायजेत. मी बसते त्यांच्या मोकळ्या जागंवर."

"आई!" रोहिणी लाल ओढणीची गाठ मारता मारता ओरडली. "गुडघे बघ तुझे!"

"गुडघे माझे हायत. आन् नुसतं बसायचंय. मी उठायची न्हाई, मला कुणी खो देऊ नका. पर मोजताना नऊ भरले पायजेत."

लोक पोट धरून हसले. पंचांनी कपाळाला हात लावला. गहिनीनाथ सर मात्र गंभीरपणे म्हणाले, "ताराबाईंना पळवायचं नाही. आमच्या पळण्याच्या डावात त्या बाद धरा. तो एक गुण आधीच तुमचा."

"आता कसं बोललात," आत्याबाई म्हणाल्या.

आधी आम्ही पळालो. पहिल्या तिघींत मी. चांगलं पळत होते. शरीराला सगळं आठवत होतं, खांबाजवळचा वळसा, कमरेतून झुकणं, आणि मनातल्या मनात मी बारा वर्षांची झाले होते. तेवढ्यात मला रसवंतीपाशी पिवळा फ्रॉक दिसला नाही. ईश्वरी तिथेच यांच्याजवळ असायला हवी होती. रसाचा चरक फिरत होता. माझी मान वळली, पाय थांबला, आणि पाठीवर रोहिणीचा सणसणीत पंजा बसला.

"वैनी, बाजार करताय का?"

ईश्वरी यांच्या खांद्यावर बसली होती. वर. मी खाली शोधत होते.

मी बाहेर जाऊन यांच्यापाशी उभी राहिले. धाप लागली होती. हे म्हणाले, "अगं, मी हाय की इथं. तिला मी धरलीय, घट्ट. तू तिकडं बघ." एवढंच. पण पोरगी चार वर्षांची झाली, मी तिची काळजी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नव्हती. त्या वेळी दिली. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं हलकं वाटलं, आणि थोडं चोरट्यासारखंही.

तेलगावने आमच्या सातजणी मारल्या. अंजना तेवढी शेवटपर्यंत टिकली. सात आणि आत्याबाईंचा एक, आठ गुण. म्हणजे आम्हाला जिंकायचं तर त्यांच्या नऊच्या नऊ मारायला हव्या होत्या.

आम्ही बसलो. आत्याबाई चौथ्या चौकोनात उकिडव्या, हात गुडघ्यांवर, चेहरा देवळात बसल्यासारखा. आम्ही त्यांना वगळून खो देत होतो. तिसरीवरून सरळ सहावीला. आणि आम्ही सुटलो! नर्सने खांबावर असा सूर मारला की लिंबावरची माणसं खाली आली. काडीने, म्हणजे आताच्या जाड काडीने, दोघींना एका दमात टिपलं. गर्दीतले तेलगावकरच "वा रे नेकनूर!" म्हणायला लागले. पहिल्या तिघी गेल्या, दुसऱ्या तिघी गेल्या. शेवटच्या तिघींतल्या दोघी गेल्या. आठ-आठ.

उरली रोहिणी. अगदी पिक्चरातल्यासारखी.

आणि वेळ संपत आलेली. पाठलागावर मी.

रोहिणी पूर्वीसारखी पळत नव्हती. पूर्वीपेक्षा हुशार पळत होती. आमचं एक छिद्र तिने हेरलं होतं, चौथा चौकोन. तिथून कुणी उठणार नाही हे तिला माहीत. त्यामुळे ती आईच्या आसपासच खेळत राहिली. मी या बाजूने आले की ती त्या बाजूला. पलीकडे जायला मला खांबाला वळसा, तोवर ती परत इकडे. गाव खदखदत होतं. "पदराआड लपली! आईच्या पदराआड!"

शेवटच्या वेळी मी धावत चौथ्या चौकोनापर्यंत आले. ती मधून निसटून पलीकडे गेली, आत्याबाईंच्या पुढ्यात. दमली होती. थांबली. वळून मला पाठ दाखवली, स्वतःच्या पाठीवर थाप मारली. "लावता का हात, वैनी?"

खरं सांगते, मी विचार केला नाही. सातवीत असताना गडी त्या जागेवरून पलीकडे निसटला की मी डोळे मिटून चौथीला खो द्यायची, आणि वनमाला हसत हसत उठायची. माझा हात आपोआप समोरच्या पाठीवर पडला.

"खो!"

आत्याबाईंनी मान वळवली नाही. मला वाटलं, संपलं. त्या उठणार नाहीत, तसं ठरलंच होतं.

आत्याबाई उठल्या. गुडघे कडाकडा वाजलेले मी ऐकले. एक पाऊल, दुसरं, आणि त्यांनी लेकीच्या त्याच पाठीवर, जिथे ती स्वतः थाप मारत होती तिथेच, हात ठेवला.

शिट्टी वाजली. पंचांचा हात वर गेला. मग जो आवाज झाला तो मी लिहू शकत नाही. सर टोपी उडवत होते. अंजना मला मिठी मारून गोल फिरवत होती. आमच्या जीपमधल्या बायांनी आत्याबाईंना उचलायचा प्रयत्न केला, त्या ओरडत होत्या, "ठिवा खाली, काष्टा सुटंल!"

रोहिणी जागच्या जागी उभी होती. "आई, तू कुणाची गं?"

"खो मिळाल्यावर उठायचं असतंय," आत्याबाई धापा टाकत म्हणाल्या. "खो मिळून बसून ऱ्हायले असते तर ते खोटं झालं असतं. तूच न्हाई का म्हणाली व्हतीस त्या पुण्याच्या माणसाला, पकड म्हणून? पकडलं."

गर्दीतून कुणी म्हातारा म्हणाला, "पर तुमी तर म्हणला व्हता, उठणार न्हाई!"

"मी खो देऊ नका म्हणले व्हते. तिनं दिला. दिल्यावर खेळ सुरू झाला की!"

आणि मग माझ्या गीतामावशीने सांगितलेली दुसरी बाजू मी डोळ्यांनी पाहिली. खरं हरल्यावर त्या गावाने हात जोडले. जीपमधल्या सगळ्यांना धरून धरून पंगतीला नेलं. रोहिणी माझ्याजवळ आली, रुसल्यासारखी पाठ करून उभी राहिली. "लाव हात. आता लाव. इतकी वर्सं चिडवलंय."

मी हात लावला. ओलीचिंब पाठ होती. दोघी हसत सुटलो.

ईश्वरीला यांनी खांद्यावरून खाली उतरवलं. ती पळत आली. "आई, तू आत्तूला पकडलं?"

"आजीनं पकडलं," मी म्हटलं. "खो मी दिला."

तिने जरा विचार केला आणि दोघींसाठी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी रविने शाळेच्या ओट्यावर टीव्ही मांडून पिक्चर लावला. आम्ही आठजणी पुढे चटईवर, आत्याबाई मध्ये, गुडघ्यांना तेल लावून. शेवटी तो हात पडला, लाल पाठ हलायला लागली, आणि या वेळी कुणी टोमणा मारला नाही. आत्याबाई म्हणाल्या, "हीच ना ती, जिच्या जागंवर मी बसले? लई हसती गं. कुठंशी हाय ही?"

तेव्हा अंजनाने सगळं सांगितलं. दसऱ्यानंतर टोळी निघाली तेव्हा वनमाला पोटुशी होती. नको जाऊस, असं म्हटलं तर हसली होती. टोळीचा मुकादम सांगतो, ते दोघं मागे राहिले, तिकडेच काम मिळालं. पत्ता विचारला तर हात कुठेतरी दक्षिणेकडे हलवतो. तिचे दिवस तर आताच भरले असतील.

आत्याबाईंनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. मग मला म्हणाल्या, "तू शिकलेली हायस. लिव कुठंतरी."

म्हणून हे लिहिलं. तिचं सगळं नीटच असेल. हे म्हणतात, तू उगाच धसका घेतेस. पण तुमच्या गावाजवळ साखर कारखाना असेल, उसाचा फड संपून टोळ्या गेल्या असतील आणि तरीही पाचटाची एखादी कोपी, म्हणजे तोडकऱ्यांची झोपडी, उभी दिसत असेल, तर जरा वाकून आत बघा. बीडकडचं जोडपं आहे का, विचारा. बाई नेकनूरची वनमाला, नवरा तानाजी. बोलताना तिचे खांदे हलतात, त्यावरून ओळखाल. बाळंत झाली असेल तर ताप येतो का, बाळ दूध ओढतं का, तेवढं बघा. काही कमी-जास्त असेल तर तेलगावच्या एसटीडीवर फोन करा, दुकान रात्रीपर्यंत उघडं असतं. आणि तिला सांगा, आपण खरंच जिंकलो. तिच्या जागेवर आत्याबाई बसल्यात. ती आली की उठणार आहेत.